बांधावरचा हिरवा पट्टा: पिकनिकच्या तलावाची तब्येत मोबाईलने कशी बघायची?

एरवी मी इथे फोनचं स्टोरेज कसं रिकामं करायचं, बॅटरी कशी टिकवायची असलं लिहितो. आजचा लेखही मोबाईलबद्दलच आहे, पण त्याची सुरुवात झाली एका तलावाच्या बांधावर भेळ खाताना.

आमच्या गावापासून बारा किलोमीटरवर एक छोटं मातीचं धरण आहे. कागदावर धरण, पण सगळे त्याला तलावच म्हणतात. शेतीला त्याचं पाणी आता फारसं जात नाही. शनिवार-रविवार तिथे नुसती गर्दी. चार पायडल बोटी, भेळ-वडापावच्या गाड्या, बांधावर बाकडी आणि एक सेल्फी पॉइंट. आम्ही मित्र कॉलेजपासून तिथे जातोय. बांधाच्या खालच्या अंगाला ओढा आहे आणि ओढ्याकाठी पस्तीस-चाळीस घरांची वस्ती. त्यातलं एक घर माझ्या मित्राच्या आत्याचं.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये एक आजोबा बांधाच्या खालच्या उतारावर शेळ्या चारत होते. सगळा उतार वाळून पिवळा पडलेला आणि शेळ्या मात्र सगळ्या एकाच जागी. मी सहज म्हटलं, "आजोबा, इथलं गवत बरं हिरवं राहिलंय." ते म्हणाले, "राहणारच की. खालनं ओल हाय. दोन वर्सं झाली, दरसाल जरा जरा वाढतीया."

घरी येऊन मी गॅलरी उघडली. त्या बांधावरचे आमचे शेकडो फोटो. सेल्फीत मागे तोच उतार. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलच्या फोटोत हिरवा डाग एका खाटेएवढा. गेल्या वर्षीच्या फोटोत बैलगाडीएवढा. यंदा दोन ट्रक मावतील एवढा. धरणाच्या तब्येतीचा तारीखवार रेकॉर्ड माझ्या खिशात होता आणि मला पत्ताच नव्हता!

म्हणून हा लेख. मातीचं धरण कसं काम करतं, ते कशाने बिघडतं आणि तुमच्या हातातला फोन त्यात काय करू शकतो, काय नाही, ते आज बघू.

मातीचं धरण गळतं, ते ठीक आहे का?

पहिली गोष्ट ऐकून मला धक्काच बसला होता. प्रत्येक मातीचं धरण थोडंफार पाझरतंच. माती म्हणजे काही प्लास्टिक नाही. पाणी कणांच्या मधून हळूहळू वाट काढणारच.

आपल्याकडच्या मातीच्या धरणात मध्ये काळ्या चिकण मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. त्याच्या दोन्ही बाजूंना मुरुमाचं कवच असतं, ते वजनाने गाभ्याला धरून ठेवतं. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती धुपू नये म्हणून दगड बसवलेले असतात, त्याला पिचिंग म्हणतात. आणि चांगल्या बांधलेल्या धरणात खालच्या बाजूला, आत, वाळू आणि खडीचा एक थर असतो. सगळ्यात हुशार भाग हाच.

हा थर चहाच्या गाळणीसारखा आहे. गाळणी चहा जाऊ देते, पत्ती अडवते. हा थर पाणी जाऊ देतो, मातीचे कण अडवतो. जमलेलं पाणी मग पायथ्याच्या चरातून शांतपणे बाहेर पडतं. म्हणजे प्रश्न पाणी येतंय का हा नसून, पाण्याबरोबर माती येतेय का, आणि पाणी वाढतंय का, हा आहे.

आता भाराचा अंदाज घ्या. एक हेक्टरचा, म्हणजे अडीच एकरांचा तलाव, सरासरी खोली 3 मीटर. त्यात 30,000 घनमीटर पाणी मावतं. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. म्हणजे 10 टनांचे 3,000 ट्रक त्या बांधाला टेकून उभे आहेत. "छोटा तलाव" म्हणताना हा आकडा डोक्यात ठेवा.

आतून पोखरणं म्हणजे काय?

समजा गाळणी नाही, किंवा कुठेतरी फाटली आहे. खालच्या टोकाला जिथे पाणी बाहेर पडतं तिथला एक मातीचा कण वाहून गेला. मग त्याच्या मागचा. मग त्याच्याही मागचा. अशी एक बारीक नळी तयार होते आणि ती उलटी, म्हणजे खालून तलावाकडे वाढत जाते. नळी जितकी लांब होते, तितकं मातीतून जायचं पाण्याचं अंतर कमी होतं. अंतर कमी म्हणजे जोर जास्त, जोर जास्त म्हणजे माती अजून वेगाने जाते. इंजिनीअर याला पायपिंग म्हणतात. वर्षानुवर्षं काही दिसत नाही आणि शेवटचा टप्पा काही तासांत उरकतो.

किती तासांत? अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं टेटन धरण बघा. 93 मीटर उंच, नवंकोरं, पहिल्यांदाच भरत होतं. 5 जून 1976 ला सकाळी सातच्या सुमारास गळती दिसली. माणसं बुलडोझर घेऊन भोक बुजवायला गेली, तर बुलडोझरच त्यात गेले. दुपारी बाराच्या आधीच धरण फुटलं. 11 माणसं गेली. लोकांना आधी हलवलं नसतं तर आकडा कितीतरी मोठा असता.

आपल्याकडचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. मातीचं, छोटं धरण. साठा टीएमसीच्या दहाव्या भागाहूनही कमी. तरी खालच्या वाडीतली घरं वाहून गेली आणि किमान 19 जणांचे जीव गेले. धरण गळतंय अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर खेकड्यांनी धरण फोडलं असं विधान आलं आणि सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस पडला. मीही तेव्हा एक-दोन फॉरवर्ड केले होते.

आता खरं सांगतो. खेकडे, उंदीर, घुशी मातीचे बांध पोखरतात हे खरंच आहे. जगभर धरणांच्या तपासणीत बिळं शोधणं हे ठरलेलं काम असतं. पण बिळं एका रात्रीत होत नाहीत. ती दिसतात, मोजता येतात, बुजवता येतात. त्यामुळे खेकड्याचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: मग बिळं बघायचं काम कुणाचं होतं?

वरून पाणी गेलं तर?

मातीचं धरण फुटायचं दुसरं मोठं कारण म्हणजे पाणी माथ्यावरून जाणं. दगडी किंवा काँक्रीटच्या बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर तो बऱ्याचदा टिकतो. मातीच्या बांधावरून गेलं की उतरणीला घळ पडते आणि ती बघता बघता माथ्यापर्यंत येते.

हे होऊ नये म्हणून सांडवा असतो. बांधाच्या माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर ठेवलेली ती एक मोकळी वाट. जास्तीचं पाणी तिथून निघून जातं. सांडव्याची पातळी आणि बांधाचा माथा यांच्यात मुद्दाम सोडलेली उंची म्हणजे धरणाचा श्वास. ती कमी केली की धरण गुदमरतं.

सांडवा बुजला, अडवला किंवा अरुंद झाला, तर धरण कितीही मजबूत असो, एका मोठ्या पावसात त्याचा निकाल लागू शकतो.

मौजेसाठीचं धरण: साउथ फोर्कची गोष्ट

आता जरा लांब जाऊ या, कारण फक्त मौजमजेसाठी ठेवलेल्या मातीच्या धरणाची जगातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची आहे.

साउथ फोर्क धरण मुळात कालव्याला पाणी द्यायला बांधलं होतं. सुमारे 22 मीटर उंच, 284 मीटर लांब. मग रेल्वे आली, कालवा निरुपयोगी झाला आणि 1879 मध्ये एका क्लबसाठी हे धरण विकत घेतलं गेलं. नाव साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब. सभासद कोण, तर अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक असे पिट्सबर्गचे उद्योगपती. उन्हाळ्यात यायचं, बोटी, मासेमारी, काठावर बंगले.

क्लबच्या काळात धरणाची अवस्था काय होती ते बघा:

• तळातून पाणी सोडायचे लोखंडी पाईप आधीच काढून भंगारात विकले होते. ते परत बसवले नाहीत. म्हणजे गरज पडली तर तलाव रिकामा करायची सोयच नाही.
• माथ्यावरून घोडागाड्या आरामात जाव्यात म्हणून माथा थोडा खाली घेऊन रुंद केला. धरणाचा श्वास कमी केला.
• सोडलेले मासे पळून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. पुरात त्यात काटक्या-पाला अडकणार हे उघड होतं.
• माथा मध्यभागी खचला होता, तो तसाच राहिला. पाणी वरून जायचं झालं तर नेमकं तिथूनच, धरणाच्या सगळ्यात उंच भागावरून जाणार.

एकेक गोष्ट बघितली तर वाईट हेतूने केलेली एकही नाही. रस्ता चांगला हवा, मासे राहावेत, तलाव भरलेला दिसावा. पर्यटनाला जे जे बरं, ते ते धरणाला वाईट.

खाली 23 किलोमीटरवर जॉन्सटाउन गाव. तिथल्या पोलाद कारखान्याच्या प्रमुखाने 1880 मध्ये आपला माणूस पाठवून धरण तपासून घेतलं होतं. त्याने गळती आणि पाणी सोडायची सोय नसणं हे दोन्ही दोष लिहून दिले. कारखान्याने दुरुस्तीच्या खर्चातही वाटा उचलायची तयारी दाखवली. क्लबने ती नाकारली.

31 मे 1889. प्रचंड पाऊस. मजूर सांडव्याच्या जाळ्या मोकळ्या करायला धडपडत होते. तारेने खाली इशारेही गेले, पण "धरण फुटणार" ही आवई गावाने आधी इतकी वेळा ऐकली होती की फार कुणी हललं नाही. दुपारी तीनच्या सुमारास धरण गेलं. सुमारे 14.5 दशलक्ष घनमीटर पाणी, म्हणजे जेमतेम अर्धा टीएमसी, खडकवासल्याच्या साठ्याचा साधारण चौथा हिस्सा. मृत्यू 2,200 हून जास्त.

हे वाचल्यावर मी पुढच्या रविवारी तलावावर गेलो तो वेगळ्या डोळ्यांनी. आमच्या सांडव्यावर फळ्या आणि वाळूच्या गोण्या रचलेल्या होत्या. का? तर उन्हाळ्यातही बोटी चालाव्यात म्हणून पाणी दीड फूट जास्त अडवलेलं. त्याच्या पुढे मासे जाऊ नयेत म्हणून जाळी. बांधाच्या उतारावर कुठल्यातरी पर्यावरण दिनाला लावलेली झाडं, आता चांगली दोन पुरुष उंच. गेली कित्येक वर्षं मी या फळ्यांवर बसून फोटो काढले होते.

झाडांचं थोडं समजून घ्या, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. मातीच्या बांधावर झाड नको, फक्त गवत हवं. मुळं आत खोल जातात, झाड मेलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्या उरतात. वादळात झाड उन्मळलं तर मोठा खड्डा. झुडपं वाढली की बिळं आणि ओल दिसतच नाहीत. झाडं लावायचीच असतील तर बांध सोडून बाकी सगळं माळरान आपलंच आहे.

मोबाईल नेमका कशाला उपयोगी?

धरणाच्या बाबतीत एका फोटोला फारशी किंमत नाही. किंमत आहे ती बदलाला. आणि बदल कुणाला दिसतो? जो पुन्हा पुन्हा येतो त्याला. अधिकारी वर्षातून एक-दोनदा येणार. तुम्ही महिन्यातून दोनदा येता. म्हणून ही पद्धत वापरा, दहा मिनिटांचं काम आहे:

1. तीन जागा ठरवा. एक, माथ्याच्या एका टोकाला उभं राहून माथ्याच्या लांबीवर नजर टाकणारी. दोन, खालच्या बाजूला लांबून, सगळा उतार दिसेल अशी. तीन, सांडवा समोरून. दर वेळी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, झूम न करता फोटो. जुना फोटो स्क्रीनवर बघून फ्रेम जुळवा.

2. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आणि ग्रिड चालू ठेवा. ग्रिडच्या आडव्या रेषेवर माथा ठेवला की कुठे खचलाय ते लगेच कळतं.

3. दर वेळी पाण्याची पातळीही टिपा. मोजपट्टीचा खांब असेल तर त्याचा फोटो, नसेल तर पिचिंगचे किती थर उघडे आहेत ते. पातळी चढली की पाझर वाढतो, हे साहजिक आहे. पातळी तीच असून पाझर वाढला, तर ती बातमी आहे.

4. बीळ, भेग किंवा खड्डा दिसला तर शेजारी पेन किंवा पट्टी ठेवून फोटो काढा. नाहीतर फोटोत भोक उंदराचं की कोल्ह्याचं तेच कळत नाही. बिळात हात घालू नका. साप असतात.

5. पाझराचं पाणी पारदर्शक ग्लासात घ्या, मागे पांढरा कागद धरा आणि फोटो काढा. नितळ असेल तर ठीक. गढूळ असेल किंवा तळाशी माती बसत असेल, तर पुढचे सगळे मुद्दे सोडा आणि लगेच फोन लावा.

6. उताराचा कोन बघायचा असेल तर फोनमधलं लेव्हल वापरा. एक सरळ लाकडी पट्टी उतारावर ठेवा, तिच्यावर फोन. 1 उंचीला 2 आडवं असा उतार असेल तर सुमारे 26.5 अंश, 1 ला 3 असेल तर सुमारे 18.5 अंश. आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की एकाच उतारावर मध्येच फुगवटा किंवा खळगा आलाय का.

हे सगळं कोरड्या हवेत, दिवसा, कमीत कमी दोघांनी मिळून करायचं. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस थांबा, नाहीतर पावसाची ओल आणि पाझर यात फरक कळत नाही. आणि धो धो पावसात माथ्यावर किंवा सांडव्यात उतरून फोटो काढायला जाऊ नका.

फोनला काय जमत नाही?

जीपीएसने खचलेला बांध मोजू म्हणाल, तर ते विसरा. मोकळ्या आकाशाखालीही फोनचं लोकेशन तीन ते पाच मीटरने इकडेतिकडे होतं आणि उंची तर त्याहून वाईट. बांध खचतो सेंटिमीटरमध्ये.

सॅटेलाइट? सेंटिनेल-1 सारखे उपग्रह रडारच्या लहरींवरून जमिनीची मिलिमीटरमधली हालचालही पकडू शकतात. मोठ्या धरणांसाठी ते तंत्र वापरलं जातं. पण आपल्या गवताळ, झुडपांनी भरलेल्या छोट्या बांधावर रडारला धड खूणच सापडत नाही. सेंटिनेल-2 च्या फोटोत एक ठिपका म्हणजे 10 मीटर बाय 10 मीटर. आमचा हिरवा पट्टा त्यात एक-दोन ठिपक्यांचा झाला असता. गुगल अर्थवर जुने फोटो बघता येतात, त्यातून सांडव्याच्या वाटेत कधी टपरी उभी राहिली ते मात्र छान कळतं.

आणि एआय चॅटबॉटला फोटो दाखवून "हे धरण सुरक्षित आहे का" विचारू नका. मी विचारलं होतं. उत्तर आत्मविश्वासाने आलं आणि निरुपयोगी होतं. कारण धरणाचा आजार आत असतो आणि फोटो बाहेरचा. आत काय चाललंय ते कळायला भरावात बसवलेल्या नळ्यांमधली पाण्याची पातळी मोजावी लागते, इंजिनीअरला पायांनी चालून बघावं लागतं.

बादली आणि स्टॉपवॉच

पाझर किती आहे हे मोजायला मात्र फोन मस्त चालतो. पायथ्याच्या चरातून पाणी एका धारेत येत असेल तर 10 लिटरची बादली लावा आणि स्टॉपवॉच सुरू करा. आमची बादली 23 सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदाला साधारण 0.44 लिटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दिवसाचा हिशोब केला तर सुमारे 38 हजार लिटर, जवळपास चार टँकर!

धरणावर कायमचं मोजायला पत्र्याला इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडून ती चरात बसवतात. खाचेतून जाणाऱ्या पाण्याची उंची पट्टीवर वाचायची, की प्रवाह कळतो. 90 अंशांच्या खाचेत 5 सेंटिमीटर उंची म्हणजे सेकंदाला सुमारे पाऊण लिटर, तर 10 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 4.4 लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून जास्त होतो. म्हणून पट्टीवर "फक्त दोन सेंटिमीटर वाढलं" असं कुणी म्हटलं तर हसू नका.

कळवायचं कुणाला आणि कसं?

इथे माझी चूक सांगतो. मी सगळे फोटो व्हॉट्सअॅपवर एका कार्यालयातल्या नंबरवर पाठवले. दोन आठवडे निळ्या टिक. मग उत्तर आलं, "फोटो कुठले, कधीचे?" मला राग आला, पण प्रश्न बरोबर होता. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की फोटोच्या आत लपलेली तारीख-लोकेशनची माहिती निघून जाते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते.

दुसऱ्यांदा मी एका पानाचा अर्ज केला. वर तलावाचं नाव, गाव, गुगल मॅपची लिंक. खाली तीन वर्षांचे तीन फोटो एका ओळीत, तारखेसह. मग बादलीचा आकडा, ग्लासाचा फोटो, सांडव्यावरच्या फळ्यांचा फोटो. शेवटी एकच वाक्य: खाली वस्ती आहे, पावसाळ्याआधी पाहणी करावी. अर्जाची पोच घेतली. तुम्ही "आपले सरकार" पोर्टलवरही तक्रार टाकू शकता, तिथे टोकन नंबर मिळतो.

मालक कोण हे आधी शोधा. छोटा तलाव ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाचा, मृद व जलसंधारण विभागाचा, जलसंपदा विभागाचा किंवा नगरपालिकेचा असू शकतो. ग्रामसेवकांना किंवा तलाठ्यांना विचारलं की बहुतेक वेळा कळतं.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे कायदा. देशात धरण सुरक्षा कायदा 2021 चा आहे. तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटरमधल्या धरणांना लांबी, साठा वगैरे काही अटी पूर्ण झाल्या तरच. महाराष्ट्रात मोठी धरणंच दोन हजारांहून जास्त आहेत, देशात सगळ्यात जास्त. त्यांच्यासाठी पाहणीचं वेळापत्रक आहे, यंत्रणा आहे. आमचा बांध जेमतेम 9 मीटरचा. तो या कायद्याच्या जाळीतून खाली गळतो, आणि असे तलाव गावोगाव आहेत.

आमच्या तलावाचं काय झालं?

मे महिन्यात एक इंजिनीअर साहेब आले. बूट चिखलात घालून त्यांनी सगळा हिरवा पट्टा पायाखाली घातला, ग्लासातलं पाणी उन्हात धरून बघितलं. मग म्हणाले, "पाणी नितळ आहे, म्हणून आज रात्री झोपा. पण निर्धास्त राहू नका."

पायथ्याचा चर गाळाने आणि आमच्याच भेळेच्या प्लेटा-बाटल्यांनी तुंबला होता. पाण्याला बाहेर पडायची वाट नाही, म्हणून ते उतारावर वर चढत होतं. शिवाय सांडवा अडवल्यामुळे पातळी जास्त. चर साफ झाला, फळ्या-गोण्या-जाळी निघाली, व्ही खाचेचा पत्रा बसला. पहिल्या दिवशी पट्टीवर 4 सेंटिमीटर. तलाव दीड फूट उतरल्यावर 3 सेंटिमीटर. एका सेंटिमीटरचा फरक, पण प्रवाह निम्म्यावर आला. बादली आता 46 सेकंद घेते.

सगळे खूश झाले असं नाही. बोटवाल्या काकांच्या बोटी मे महिन्यात चिखलात बसल्या. ते मला म्हणाले, "तुझ्या फोटोपायी माझा सीझन गेला." त्यांना काय उत्तर द्यायचं मला अजूनही नीट सुचलेलं नाही. त्यांचं नुकसान खरं आहे. पण खालच्या पस्तीस-चाळीस घरांना त्या दीड फुटाबद्दल कधी कुणी विचारलंच नव्हतं.

उतारावरच्या झाडांचा निर्णय अजून बाकी आहे. तोडून मुळं तशीच ठेवली तर ती आत कुजणार, आणि काढायची तर भराव परत नीट दाबावा लागणार. त्यासाठी वेगळं अंदाजपत्रक लागतं म्हणे. मी दर महिन्याला एक ओळीचं स्मरणपत्र पाठवतो.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

• पाझराचं पाणी अचानक गढूळ झालं
• पाझर काही तासांत वाढला, किंवा पायथ्याशी जमिनीतून पाणी उकळल्यासारखं वर येतंय
• माथ्यावर खड्डा पडला, किंवा तलावाच्या पाण्यात बांधाजवळ भोवरा दिसला
• उताराचा तुकडा घसरला, लांब भेग पडली
• पाणी माथ्याच्या जवळ आलं, किंवा सांडवा तुंबला

अशा वेळी आधी स्वतः बांधावरून बाजूच्या उंच जागी जा, ओढ्याच्या दिशेने नाही. मग 112 किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 लावा, आणि खालच्या वस्तीतल्या माणसाला थेट फोन करा. त्यासाठी एक नंबर आधीच सेव्ह करून ठेवा. व्हिडिओ नंतर.

आणि खात्री नसताना "धरण फुटलं" असा मेसेज ग्रुपवर टाकू नका. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात खोटा इशारा पसरवणं हा गुन्हा आहेच, पण त्याहून मोठं नुकसान जॉन्सटाउनने भोगलं. दहा खोट्या आवया ऐकलेला माणूस अकराव्या खऱ्या इशाऱ्याला जागचा हलत नाही.

आता दर रविवारी मित्राची आत्या पत्र्यावरची पट्टी वाचते आणि वहीत तारीख टाकून आकडा लिहिते. तिच्याकडे साधा बटणाचा फोन आहे. पाऊस लागला की रोज वाचते. पावसाळ्यात आकडा 5 पर्यंत गेला होता, दिवाळीनंतर परत 3 वर आला. ती मला फक्त आकडा सांगते, "तीन, स्वच्छ," आणि फोन ठेवते.

मित्रांनो, आज रात्री एक काम करा. तुम्ही ज्या तलावावर नेहमी जाता, त्याचे जुने फोटो गॅलरीत शोधा, तारखेप्रमाणे लावा आणि चेहरे सोडून मागचा बांध बघा. काही वेगळं दिसलं तर खाली कमेंटमध्ये लिहा. अर्जाचा नमुना हवा असेल तर तेही सांगा, मी पाठवतो. भेटू पुढच्या लेखात!